माजा बोलून झाला नाय

रंजिता घरतचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिच्या मांडीवरचा लॅपटॉप चालू होता, पण दिसत काहीच नव्हतं. आतला पंखा घरघरत होता, कीबोर्डखालचे दिवे लागले होते, पडदा मात्र तव्याच्या पाठीसारखा काळा. तिने उजेड वाढवायचं बटण दाबून पाहिलं. झाकण मिटून पुन्हा उघडलं. काही फरक नाही.

"रंजिता घरत, सुकापूर," माइकवरच्या माणसाने परत हाक मारली. "आल्यात का?"

"आलेय." ती उठली. "साहेब, थोडा वेळ द्या. लॅपटॉपची स्क्रीन येत नाहीये."

पहिल्या रांगेतून कुणीतरी हसलं. मान न वळवताही तिला कळलं, हे हसणं तिच्या भावाचं, दीपेशचं.

नेऱ्याचं ते मंगल कार्यालय त्या दिवशी गच्च भरलं होतं. एरवी जिथे नवरानवरी बसतात त्या स्टेजवर टेबल मांडून जनसुनावणीचे अध्यक्ष बसले होते. बाजूला कंपनीचा सल्लागार वरद, मागे प्रोजेक्टरचा पांढरा पडदा, आणि कोपऱ्यात सगळं टिपून घेणारा तिपाईवरचा कॅमेरा. वाकडोली गावामागे एक दगडखाण होती. ती वाढवून शेजारच्या डोंगरालाही हात घालायचा की नाही, एवढाच विषय होता.

वाकडोली हे रंजिताचं माहेर. लग्नानंतर ती सुकापूरला आली, नवीन पनवेलच्या एका क्लासमध्ये अकाउंट्स शिकवायला लागली. गावात काय चाललंय ते तिला माहेरी गेल्यावरच समजायचं. असंच एकदा कंपनीचा अहवाल तिच्या हातात पडला. त्यात लिहिलं होतं की त्या शेजारच्या डोंगरावरचा झरा हंगामी आहे, दिवाळीनंतर कोरडा पडतो आणि पिण्यासाठी त्याचा वापर होत नाही. त्याच झऱ्यावर उंबरवाडीतली कातकरी घरं बाराही महिने पाणी भरत होती. लहानपणी ती स्वतः तिथे ओंजळीने पाणी प्यायलेली.

ती कुणाशी भांडली नाही. सुनावणी पुढे ढकलली जात राहिली तसा तिला वेळ मिळत गेला. दर महिन्याला ती उंबरवाडीच्या चिंगीला सोबत घेऊन डोंगर चढायची आणि झऱ्याचा व्हिडिओ काढायची. फोन भरला की सगळं लॅपटॉपवर टाकून फोन रिकामा करायची. आदल्या रात्री लॅपटॉपने अपडेट मागितलं तेव्हा 'अपडेट करून बंद करा' यावर तिनेच बोट ठेवलं होतं. उद्या ऐन वेळी नाटकं नकोत, म्हणून.

"तुमचं लेखी निवेदन आलेलं आहे," अध्यक्ष म्हणाले. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारा, थकलेला माणूस. "ते आम्ही जोडतो. व्हिडिओ नंतर ऑफिसला पाठवा."

"नंतर नको साहेब. कंपनीने त्यांचं म्हणणं इथे सगळ्यांसमोर दाखवलं. मीही इथेच दाखवणार. त्या कॅमेऱ्यासमोर."

"मग बाकीच्यांचं बोलणं होऊ दे. पण एक सांगतो, सगळ्यांचं बोलून झालं की सुनावणी संपली. तुमच्या लॅपटॉपसाठी मला थांबता येणार नाही."

"सगळ्यांचं बोलून होऊ दे ना," रंजिता म्हणाली, आणि लॅपटॉप काखेत मारून बाहेर आली.

आत फोनला रेंज नव्हती. भटारखान्याबाहेरच्या ओट्यावर दोन दांड्या येत होत्या आणि तिथे प्लगही होता. तिने चार्जर लावला, लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवणाऱ्या नीताला फोन केला.

"अपडेट केलंस आणि काळा पडला? घाबरू नकोस," नीता म्हणाली. "कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो-विझतो का?"

"हो."

"मग तो जिवंत आहे. नुसतं तोंड दाखवत नाहीये. मी शिकवलेली ती चार बटणं एकदम दाब, पडदा जागा करायची."

रंजिताने दाबली. लॅपटॉपने पिप् केलं. पडदा क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा काळा झाला.

"बरं. आता पॉवरचं बटण दाबून धर, पूर्ण बंद होईस्तोवर. मग चालू कर, आणि चालू व्हायला लागला की परत तसाच बंद कर. असं दोन-तीनदा."

"आणखी बिघडणार नाही ना?"

"तो स्वतःच ओळखतो की काहीतरी चुकतंय. मग दुरुस्तीचं पान उघडतो. कर तू."

ओट्याच्या डोक्यावरच भोंगा बांधलेला होता. आतलं सगळं बोलणं तिथे ऐकू येत होतं, आतल्यापेक्षा मोठ्याने. एका माजी सदस्याचं बोलून झालं. एक शिक्षक बोलले, थोडक्यात आणि फार नम्रपणे. मग भोंग्यातून अध्यक्षांचा आवाज आला, "अजून कुणाला बोलायचंय? नसेल तर..."

रंजिताचा अंगठा पॉवरच्या बटणावर होता. 

"मना बोलायचा हाय."

हा आवाज गोदू आत्याचा. तिच्या वडिलांची बहीण, वाकडोलीत तीन म्हशी पाळणारी, घरात कुणाचं न ऐकणारी.

"या, आजी. नाव सांगा."

"नाव मंगन सांगते. आदी सांगा, तुमी सकाली च्या पिला का?"

सभागृहात हशा पिकला.

"प्यायलो, आजी. विषयावर बोला."

"इशयावरच बोलते. त्या च्याला दूध कनचा? गावातला. माजी म्हस चरते कुठं? क्रशरच्या खाली. गवतावर धुरला बसतो त्यो तिच्या पोटान जातो. कासंडीन धुरला, दुधान धुरला. आता मना सांगा, तुमी सकाली काय पिला?"

आता हसणारे निराळे होते. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं असावं, कारण मध्ये शांतता झाली आणि गोदू आत्या म्हणाली, "ल्हिवा. तिनी म्हशींची नावा पन ल्हिवा, सांगते." आणि ती खरंच सांगायला लागली. पहिलीचं नाव, ती कुणाकडून आणली, तिची आई कशी होती, पहिल्या वेतात काय झालं.

रंजिताला ओट्यावर बसल्या बसल्या कळलं, आत्या काय करतेय ते. त्यांनी काही ठरवलेलं नव्हतं. आत्याला कॉम्प्युटरमधलं काही समजत नव्हतं. पोरगी बाहेर खटपट करतेय आणि तिला वेळ हवाय, इतकं मात्र तिला पक्कं समजलं होतं.

तिसऱ्यांदा बंद करून चालू केल्यावर लॅपटॉपवर निळं पान आलं. रंजिताला ओरडावंसं वाटलं.

"आलं, नीता! काय काय लिहिलंय बघ..." ती एकेक पर्याय वाचायला लागली.

वरद पाण्याची बाटली घ्यायला बाहेर आला होता. तो थबकला आणि वाकून बघत म्हणाला, "मॅडम, ते रीसेट आहे ना, ते दाबा. सगळ्यात लवकर होतं."

"हात लावू नकोस त्याला!" फोनमधून नीता किंचाळली. "चुकीचा पर्याय पडला तर सगळं पुसलं जाईल. कोण आहे तो?"

वरद गोरामोरा झाला. "मी मदत म्हणून सांगितलं," म्हणाला आणि बाटली घेऊन आत गेला. त्याने भलेपणाने सांगितलं की मुद्दाम, हे रंजिताला पुढेही कधी कळलं नाही.

नीताच्या सांगण्यावरून तिने शेवटचं अपडेट काढून टाकायचा पर्याय निवडला. पांढरे ठिपके गोल गोल फिरायला लागले. ते फिरत राहिले आणि भोंग्यातून माणसं बोलत राहिली. गोदू आत्यानंतर देवजी उठला, उंबरवाडीतला म्हातारा. सुरुंग उडतो तेव्हा झोपडीची कुडाची भिंत कशी हलते ते त्याने सांगितलं, आणि मग अध्यक्षांनी थांबवेपर्यंत डोंगरावरच्या एकेका झाडाचं नाव घेत बसला. त्याच्यानंतर वाडीतलाच अंकुश. त्याला बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, "मी पन हाय," आणि बराच वेळ नुसता माइक धरून उभा राहिला.

"बोला ना," अध्यक्ष म्हणाले.

"आठवतोय साहेब. मोठा साहेब समोर बसला का इसरायला होतंय."

ठिपके थांबले. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला. लॅपटॉपच्या कंपनीचं चिन्ह दिसलं.  चिन्ह गेलं आणि पडदा काळा झाला. काळाच राहिला.

"नाही आलं," ती फोनमध्ये म्हणाली. 

"थांब, अजून संपलं नाही. अपडेटबरोबर डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, बदललाय, तो तसाच राहिला असणार. आपण सेफ मोडमध्ये जाऊ, त्यात तो अगदी जुजबी गोष्टींवर चालतो. परत तीच बंद-चालूची कसरत कर. मी आहे लाइनवर."

तेवढ्यात दीपेश बाहेर आला. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, डोळ्यांवर चढवलेला गॉगल. त्याचे डंपर त्याच खाणीवर चालत होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"रंजू, बास कर आता," तो हळू आवाजात म्हणाला. "आत म्हातारी माणसं तमाशा करतायत. साहेब वैतागलाय."

"वैतागू दे. त्यासाठीच बसवलाय त्याला तिथे."

"तुला काय मिळणार यातून? तू तिकडे सुकापुरात फ्लॅटमध्ये राहतेस. नळ सोडला की पाणी. इथल्या पोरांना कामं लागलीत, ती घालवणार तू?"

"कुठली पोरं? उंबरवाडीतलं एक नाव सांग."

 दीपेश लॅपटॉपकडे बोट करून म्हणाला, "त्या मशीनला पण नको झालंय ते. देवानेच बंद पाडलं समज आणि घरी चल. मी सोडतो तुला."

"दादा, देवाचं मला माहीत नाही. अपडेट मी केलं होतं, बिघडवलं मी, आणि चालूही मीच करणार." ती पॉवरचं बटण दाबून बसली होती. बोट दुखत होतं. "तू एकदा तरी त्या झऱ्यावर गेलायस का इतक्यात? गेल्या वर्षात? लहानपणी मला खांद्यावर घेऊन जायचास."

"लहानपणीचं काढू नकोस."

"का? अहवालात लिहिलंय की तो झरा कोरडा पडतो. तू उन्हाळ्यात त्यात आंघोळ केलीयस. जा, आत जा आणि माइकवर सांग की मी केलेली नाही. मग मी आत्ता लॅपटॉप बंद करते आणि तुझ्या गाडीत बसते."

दीपेशने गॉगल काढला, पुसला, परत लावला. "तू ऐकायची नाहीस," म्हणाला आणि आत निघून गेला. माइककडे मात्र गेला नाही.

भोंग्यातून अध्यक्षांचा आवाज आला. आता त्यात धार होती. "सगळ्यांना पुरेसा वेळ दिलेला आहे. मुद्दे तेच तेच येत आहेत. मी आता सुनावणी..."

"मी ऱ्हायलेय."

चिंगी. रंजिताने मान वर केली. चिंगी वाडीच्या बाहेर कधी चार माणसांत बोलली नव्हती. डोंगर चढतानासुद्धा ती वाटेत दोन-चार वाक्यांच्या वर बोलायची नाही.

"थोडक्यात बोला, ताई."

"आमी थोडक्यातच बोलतो साहेब, म्हनून कोन ऐकत नाय. आज लांब बोलनार." माइक जवळ ओढल्याची खरखर आली. "तुमच्या कागदात ल्हिवलाय, झरा सुकतो. झरा नाय सुकत. कागदावर सुकवला. मी तिथं लग्न होऊन आल्यापासना पानी भरते. माजी सासू भरायची. आमची पोरा तेच पानी पितात. कागदात ल्हिवलाय, पानी कोन पीत नाय. मंग आमी कोन? आमी हाव का नाय?"

"तुमचा मुद्दा आला, ताई. नोंद केली. आता माइक द्या."

"नाय."

"ताई..."

"माजा बोलून झाला नाय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी, बहुधा बंदोबस्ताचा हवालदार, म्हणाला, "चला बाई, बसा." आणि गोदू आत्याचा आवाज, माइकशिवायही स्वच्छ ऐकू येणारा: "तिला हात लावशील तं बघ. तूच बस गुमान."

मग एकेक करून खुर्च्या वाजायला लागल्या. रंजिताला दिसत नव्हतं, पण आवाजावरून कळत होतं की माणसं उभी राहतायत. बसत कुणीच नव्हतं.

तिच्या हाताखाली पुन्हा निळं पान आलं होतं. ती नीताबरोबर एकेक पायरी उतरत गेली. आणखी पर्याय, सुरुवातीच्या सेटिंग्ज, पुन्हा सुरू करा, आकडा दाबा. पडदा काळा झाला. मग चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' अशी अक्षरं उमटली आणि मधोमध तिची फोल्डरं आली, एरवीपेक्षा दुप्पट मोठी, जुन्या टीव्हीवर दिसावीत तशी.

"दिसतंय," ती म्हणाली. "नीता, सगळं दिसतंय!"

"शाब्बास! आता ड्रायव्हर मागचा टाकू, परत एकदा रीस्टार्ट करू, मग नेहमीसारखा येईल. प्रोजेक्टर सेफ मोडमध्ये चालेलसं वाटत नाही. आवाजही येणार नाही."

रंजिताने व्हिडिओवर बोट ठेवून पाहिलं. अडखळत का होईना, चालत होता. रीस्टार्ट केला तर कदाचित सगळं नीट होईल. कदाचित पुन्हा काळा पडेल. आत चिंगी माइक धरून उभी होती.

"नाही करत रीस्टार्ट," ती म्हणाली. "जसा आहे तसाच नेते."

"अगं, पण पडद्यावर..."

"पडदा नको. मी हातात धरून दाखवेन." तिने चार्जर उपटला, उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर घेतला आणि आत शिरली.

सगळं सभागृह उभं होतं. चिंगी दोन्ही हातांनी माइक धरून, घामाने डबडबलेली. हवालदार स्टेजच्या पायरीवर अवघडून थांबलेला. रंजिता मधल्या वाटेने चालत आली तशी माणसं बाजूला होत गेली. दीपेशच्या रांगेपाशी तिला अडखळायला झालं, कारण त्याचे पाय वाटेत होते. त्याने ते मागे घेतले.

"साहेब, माझं नाव तुम्ही पुकारलं होतं," ती म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. तिच्याकडे, मग उभ्या गर्दीकडे बघितलं. "प्रोजेक्टरला जोडा."

"जोडता येणार नाही. असाच बघावा लागेल. आवाजही नाही." ती आधी टेबलाकडे गेली नाही. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यासमोर गेली, लॅपटॉप त्याच्या डोळ्यासमोर धरला आणि व्हिडिओ लावला. मग तसाच चालू ठेवून स्टेजवर चढली आणि टेबलावर ठेवला. "चिंगी, ये. आवाज तू दे."

चिंगी माइकसकट वर आली. लॅपटॉपच्या पडद्यावर कातळातून पाणी पडत होतं, मनगटाएवढी धार, खाली अॅल्युमिनियमचा हंडा.

"ह्यो माजा हंडा," चिंगी म्हणाली. "ह्या माज्या पोरी. ही बारकी खाते नि नीट भरत नाय."

"तारीख काय याची?" वरदने विचारलं.

"मे महिना," रंजिता म्हणाली. "फाइलवर तारीख आहे."

"सर, फाइलवरची तारीख बदलता येते. हा ऑगस्टचाही असू शकतो."

अध्यक्षांनी उत्तर दिलं नाही. ते पडद्याजवळ वाकले होते. "मागे घ्या जरा. त्या मुलीच्या हातात काय आहे?"

रंजिताने मागे घेतलं, थांबवलं. पोरीच्या ओंजळीत काळीभोर करवंदं होती. ओठ जांभळे झालेले.

"करवंदं," अध्यक्ष म्हणाले. ते सरळ झाले आणि पहिल्यांदाच माइक सोडून बोलले, घरात बोलावं तसं. "आमच्याकडे मेमध्येच पिकतात. ऑगस्टपर्यंत नाव उरत नाही." मग त्यांनी माइक जवळ ओढला. "नोंद घ्या. मे महिन्यात झऱ्याला वाहतं पाणी असल्याचं व स्थानिक कुटुंबं ते भरत असल्याचं चित्रीकरण सुनावणीत दाखवण्यात आलं. बाकीचे महिनेही दाखवा, मॅडम. बसा सगळे. बसा आता."

कुणीतरी टाळी वाजवली. गोदू आत्याने त्याला गप्प केलं, कारण पुढचा व्हिडिओ सुरू झाला होता.

त्या दिवशी निकाल लागला नाही. असल्या गोष्टींचा तिथल्या तिथे लागतही नाही. काही आठवड्यांनी कळलं, की पाण्याचा अभ्यास सगळ्या ऋतूंत पुन्हा करायला सांगितलाय आणि तोवर दुसऱ्या डोंगराला हात लावायचा नाही. प्रस्ताव रद्द झाला नव्हता. आणखी एक सुनावणी होणार होती. चिंगीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "होऊ दे. आता मना माइक धरता येतो."

दीपेश महिनाभर फिरकला नाही. मग एका रविवारी दुपारी न सांगता सुकापूरला आला, जेवणाच्या वेळेला. रंजिताने काही न विचारता ताट वाढलं. जवळ्याचं कालवण होतं, तांदळाची भाकरी. त्याने खाली मान घालून अर्धं जेवण संपवलं.

"पुढच्या सुनावणीला मी बोलणार आहे," तो म्हणाला. "कंपनीच्या बाजूने. तुझ्याविरुद्ध. आधी सांगून ठेवतो."

"बोल ना," रंजिता म्हणाली. "पण माइकवर बोल, सगळ्यांसमोर. मागच्या वेळेसारखं बाहेर येऊन माझ्या कानात नको."

त्याने वर पाहिलं. ती हसत नव्हती.

"भाकरी देऊ अजून?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या ताटात वाढली.